प्राणायाम शिकताना: सुरुवातीचे अनुभव

दोन महिन्यांपूर्वी सोसायटीच्या हॉलमधल्या सकाळच्या योगवर्गाला जायला लागले. आसनं बऱ्यापैकी जमली, पण श्वासापाशी गाडी अडली. पहिला आठवडाभर बाईंनी नुसतं उताणं झोपवून पोटावर हात ठेवायला लावला, आणि कळलं की श्वास घेताना माझं पोट आत जातंय. लहानपणापासून 'पोट आत घे' ऐकत आले, ती सवय अशी मुरलेली. शेवटी घरी पोटावर किलोभर तांदळाची पिशवी ठेवून पाहिली. श्वास घेताना ती वर उचलली गेली, तेव्हा कुठे फरक समजला. तुमचं काय अडलं, कशानं सुटलं? सविस्तर लिहा.

*

मी व्हिडिओ बघून थेट कपालभातीला हात घातला. भराभर श्वास बाहेर फेकायचे झटके, जितके जास्त तितकं चांगलं असं वाटायचं. चौथ्या दिवशी बोटांना मुंग्या आल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी. डॉक्टरांनी समजावलं: गरजेपेक्षा जास्त श्वास बाहेर टाकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते. पुढे चांगले शिक्षक मिळाले, त्यांनी सांगितलं की हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात कपालभाती प्राणायामात येतच नाही. धौती, नेती यांच्यासोबत ती षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत मोडते. आता वीस सावकाश झटके, मग विश्रांती. रक्तदाब, हर्निया असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ही क्रिया करू नये, हे कुणीतरी मला पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. माझा रक्तदाब तेव्हा वाढलेलाच होता.

*

अनुलोम-विलोमात माझा बोटांचाच गोंधळ व्हायचा. उजवा हात: तर्जनी आणि मधलं बोट मिटलेलं, अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डावीवर. डावीनं घ्या, उजवीनं सोडा, उजवीनंच घ्या, डावीनं सोडा. हे एक आवर्तन. नाकपुडी दाबायची नाही, नुसती टेकवून बंद करायची.

*

टोरांटोत राहतो. हिवाळ्यात हीटरनं नाक कोरडं पडतं, आणि सकाळी हमखास एक नाकपुडी बंद. मला वाटायचं, आपलं हाडच वाकडं. आईशी फोनवर बोललो तर ती म्हणाली, "अरे, माझीही कधी डावी बंद, कधी उजवी." खरंच, दोन्ही नाकपुड्या काही तासांनी आलटून पालटून मोकळ्या होतात, हा शरीराचा नेहमीचा क्रम आहे. आता बंद नाकाशी झगडत नाही. त्या दिवशी दोन्ही नाकपुड्यांनी नुसता संथ श्वास घेतो.

*

बाबा गेल्यानंतर माझी झोप उडाली होती. रात्री तीनला जाग यायची आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. मोठ्या जाऊबाईंनी शेजारी बसवून भ्रामरी शिकवली. ओठ मिटलेले, दात एकमेकांना न लागलेले, कान बंद, आणि श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव. पहिल्यांदा माझा आवाज मध्येच फाटला आणि रडू आलं. जाऊबाई म्हणाल्या, "येऊ दे, परत घे." तिसऱ्या-चौथ्या वेळी कपाळात, टाळूत बारीक थरथर जाणवली, आणि गुंजारव संपल्यावर जी शांतता आली तशी कित्येक दिवसांत अनुभवली नव्हती. दुःख गेलं नाही. पण रात्री जाग आली की काय करायचं, हे आता माझ्याजवळ आहे.

*

निवृत्तीनंतर लोणावळ्याला कैवल्यधाममध्ये शिबिर केलं. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली स्थापलेली ही संस्था, जिथे योगक्रिया उपकरणं लावून तपासायला सुरुवात झाली. मला वाटलं होतं, लगेच कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, शिकवतील. तसं काहीच नाही. शिक्षकांनी फक्त रेचक, म्हणजे श्वास सोडणं, लांबवायला सांगितलं: चार अंक मोजत घ्या, आठ मोजत सोडा. श्वास सोडताना नाडी संथ होते, मनगटावर बोट ठेवून मी स्वतः पाहिली. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू, असं हठप्रदीपिका सांगते. घाई केली तर तो साधकालाच मारतो, असंही तिथेच म्हटलंय.

*

काका, चार-आठ करून पाहिलं. माझा श्वास सहालाच संपतो, पुढे ओढाताण होते.

*

मग चार-सहाच ठेवा, ताई. पुढचा श्वास धाप न लागता घेता आला पाहिजे, एवढंच बघा.