मदत हवी आहे : किंग काउंटीच्या नकाशाचे थर एकमेकांवर बसत नाहीत (क्यूजीआयएस)

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत सिएटलच्या पूर्वेला राहते. इथल्या किंग काउंटीने (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा) आपला भौगोलिक डेटा सगळ्यांसाठी फुकट खुला ठेवला आहे. शहरांच्या हद्दी, अग्निशमन जिल्हे, शाळांचे जिल्हे, ग्रंथालयं, जमिनीची पार्सलं (प्लॉट), सगळं उतरवून घेता येतं. त्यातून मला एकच गोष्ट काढायची आहे आणि दोन आठवडे अडकले आहे.

आधी कशासाठी ते सांगते. आमच्या ओळखीतली ५४ मराठी घरं आहेत. बऱ्याच घरांत आई-बाबा सहा-सहा महिने येऊन राहतात, मुलगा-सून दिवसभर कामावर. प्रत्येक घरासाठी मराठीत एक पान करायचं आहे, फ्रिजवर लावता येईल असं: आग विझवायला कोण येणार, पोलीस कोणाचे, रस्ता कोणाच्या ताब्यात, ग्रंथालय कुठलं, बांधकामाची परवानगी कोणाकडे.

पत्ता पाहून हे कळत नाही, हीच मोठी अडचण. काउंटीत ३९ शहरं आहेत, पण बराच भाग कुठल्याच शहराच्या हद्दीत नाही. त्याला अनइन्कॉर्पोरेटेड म्हणतात. तिथला कारभार थेट काउंटीकडे, पोलीस म्हणजे काउंटीचे शेरीफ. पत्त्यात मात्र जवळच्या टपाल कार्यालयाचं शहर लिहिलेलं असतं. पुणेकरांना लगेच कळेल: वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, त्याआधी पत्त्यावर 'पुणे' असलं तरी कामं ग्रामपंचायतीकडेच होती.

गेल्या नोव्हेंबरच्या वादळात ओळखीच्या एका काकूंच्या दारासमोर झाड आडवं पडलं. घरात त्या आणि काका, दोघंच. पत्त्यातल्या शहराकडे फोन केला तर 'तुमचा रस्ता आमच्याकडे येत नाही' असं उत्तर आलं. मग कोणाकडे येतो हे शोधण्यात सगळी सकाळ गेली. काकांची डायलिसिसची वेळ होती त्या दिवशी. रस्ता काउंटीचा होता. ते पान त्या दिवशी फ्रिजवर असतं तर एक फोन पुरला असता.

आता अडचण.

१) शहरांच्या हद्दी शेपफाइलमध्ये घेतल्या, ग्रंथालयं जिओजेसनमध्ये (नकाशाच्या डेटाच्या फाइलींचे हे दोन प्रकार). क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर) दोन्ही उघडल्या तर एका वेळी एकच दिसते. दुसऱ्या थरावर 'झूम' केलं की पहिला गायब. हद्दींच्या थरात माउस फिरवला की खाली १२७१०००, २२५००० असे आकडे येतात. ग्रंथालयांच्या थरात -१२२.३, ४७.६. हद्दींचा सीआरएस (आकडे कुठल्या मोजपद्धतीतले ते सांगणारा क्रमांक) विचारला तेव्हा ग्रंथालयांसारखाच ४३२६ (अक्षांश-रेखांशाचा) दिला, म्हणजे सारखे होतील असं वाटलं.

२) घरांची यादी एक्सेलमध्ये आहे, पार्सल क्रमांकासह. पार्सलच्या थराशी जोडली तर ५४ पैकी ३१च जुळतात. बाकीच्यांचे क्रमांक डोळ्यांनी ताडून पाहिले, काउंटीच्या पार्सल व्ह्यूअरमध्ये (संकेतस्थळावरच्या नकाशात) तीच घरं निघतात.

जाणकारांनी कृपया वाट दाखवावी. प्रोग्रामिंग येत नाही, पण सांगाल ते शिकेन.

प्रतिसाद १

ताई, काम फार चांगलं घेतलंय. पहिली अडचण अगदी नेहमीची आहे. थराला सीआरएस सांगणं आणि थर दुसऱ्या सीआरएसमध्ये नेणं या दोन वेगळ्या गोष्टी. तुम्ही फुटांतल्या आकड्यांना 'हे अंश आहेत' असं सांगितलंत. १२७१००० अंश रेखांश पृथ्वीवर नाही, म्हणून थर कुठेतरी लांब जाऊन पडला.

ते आकडे वॉशिंग्टन राज्याच्या उत्तर विभागाच्या स्टेट प्लेनचे (राज्यापुरत्या मोजपद्धतीचे) आहेत, फुटांत. तिचा सीआरएस क्रमांक ईपीएसजी २९२६. हद्दींच्या थरावर राइट क्लिक करून लेयर सीआरएस २९२६ करा. ग्रंथालयांचा ४३२६ बरोबर आहे, त्याला हात लावू नका. दोघांना आपापला खरा सीआरएस मिळाला की क्यूजीआयएस स्वतःच एकावर एक बसवतं.

मुळात सीआरएस विचारला गेला म्हणजे शेपफाइलसोबतची पीआरजे फाइल (सीआरएसची नोंद असते ती) राहून गेलीय. शेपफाइल ही एक फाइल नसते, चार-पाच मिळून एक असते. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये हव्यात.

मूळ लेखिका

होय! झिपमधून तीनच फाइल ओढून घेतल्या होत्या, बाकीच्या बिनकामाच्या वाटल्या. २९२६ दिल्याबरोबर लेक वॉशिंग्टनच्या दोन्ही काठांवर ग्रंथालयांचे ठिपके जागच्या जागी आले. किती वेळ नुसती बघत बसले. मनापासून आभार.

प्रतिसाद २

दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. किंग काउंटीचा पार्सल क्रमांक दहा आकडी असतो, पहिले सहा मेजर, पुढचे चार मायनर. तुमच्या न जुळणाऱ्या २३ क्रमांकांचे आकडे मोजा. नऊ किंवा कमी भरतील. सुरुवातीचं शून्य एक्सेलने खाल्लं आहे, कारण त्याच्या लेखी तो आकडा आहे, नाव नाही. तो कॉलम आधी 'टेक्स्ट' करा, मग क्रमांक पुन्हा भरा. क्यूजीआयएसमध्येच करायचं तर फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये एलपॅड हे फंक्शन वापरून डावीकडे शून्यं भरून दहा आकडे पूर्ण करा.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. घराचा बिंदू गूगलवरून घेऊ नका. तो कधी कधी रस्त्यावर पडतो, आणि शहराची हद्द पुष्कळदा रस्त्यावरूनच जाते. एका बाजूचं घर शहरात, समोरचं काउंटीत. बिंदू पार्सलच्या आतला घ्या ('पॉइंट ऑन सरफेस'), आणि मग 'जॉइन ॲट्रिब्यूट्स बाय लोकेशन' करून अग्निशमन, शाळा, शहर असा एकेक थर जोडत जा. ज्या घराला शहर मिळणार नाही ते अनइन्कॉर्पोरेटेड. रिकामा रकाना ही चूक समजू नका, तेच तुमचं उत्तर आहे.

प्रतिसाद १

माझ्या आधीच्या मुद्द्याला जोडून: स्टेट प्लेनमधला फूट म्हणजे यूएस सर्व्हे फूट, नेहमीचा नाही. फरक दहा लाखांत दोनचा, साडेबारा लाख फुटांवर अडीच फूट. तुमच्या कामाला काही फरक नाही, पण कुंपणाच्या वादात कोणी हे पान पुढे करू नये. तशी एक ओळ तळाशी लिहा. आणि ग्रंथालयांचं बघा: सिएटल शहराची ग्रंथालयं वेगळी संस्था चालवते, बाकी काउंटीची वेगळी.

मूळ लेखिका

मोजले. २३च्या २३ क्रमांक नऊ आकडी! शून्य भरल्यावर ५२ जुळले. राहिलेली दोन घरं नव्या बांधकामातली आहेत, जुनं पार्सल तोडून नवे क्रमांक पडलेत आणि मी उतरवलेली फाइल त्याआधीची. आज ताजी घेते.

५२ पैकी १७ घरांच्या शहराचा रकाना रिकामा आला. सतराही जणांच्या पत्त्यात शहराचं नाव आहे, आणि आपण शहरात राहत नाही हे त्यातल्या निम्म्यांना तरी ठाऊक नसणार. काकूंचं घर त्यात आहे. त्यांचं पान सगळ्यात आधी छापलं, सोळा पॉइंटात, काउंटीच्या रस्ते विभागाचा नंबर सगळ्यात वर. संध्याकाळी नेऊन देते.

एकच विचारायचं राहिलं: शहरं आसपासचा भाग सामावून घेत असतात, तेव्हा हद्दींचा थर पुन्हा कधी उतरवावा? वर्षातून एकदा पुरेल का?