शब्द हवाय: ‘रिट्रॅक्शन’ला काय म्हणायचं? (‘मागे घेणे’ पुरत नाही)

दुपारची_पाळी
एका मराठी त्रैमासिकासाठी लेखकांची नियमावली लिहितेय, शोधनिबंध छापताना काय चालतं काय नाही याची, आणि एका वाक्यावर तीन दिवस अडकलेय. उदाहरण म्हणून लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातला १९९८चा डॉक्टर वेकफिल्डचा पेपर घेतला, तोच, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा. २००४मध्ये बारा सहलेखकांपैकी दहा जणांनी त्यात लावलेला अर्थ मागे घेतला. २०१०च्या फेब्रुवारीत लॅन्सेटने अख्खा पेपर मागे घेतला, म्हणजे रिट्रॅक्ट केला. बघा, दोन्हीकडे ‘मागे घेतला’ आलं आणि वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटणार. पहिल्यात लिहिणारेच म्हणाले की आम्ही हे म्हणणं सोडलं, दुसऱ्यात संपादकांनी केलं आणि वेकफिल्ड तर आपल्या म्हणण्यावर ठाम होता. त्यात भर म्हणजे छापून यायच्या आधी लेखकाने पेपर परत मागितला की ते विथड्रॉवल, त्यालाही आपण मागे घेणंच म्हणतो. तक्रार मागे घेतली, उमेदवारी अर्ज मागे घेतला, यात ज्याचं होतं त्यानेच घेतलं हे गृहीतच असतं. मला दोन वेगळे शब्द हवेत. कुणी सुचवाल का?

अवग्रह
‘प्रत्याहरण’ घ्या. प्रति, आ आणि हृ धातू, परत ओढून आणणे. इंग्रजी शब्दाच्या लॅटिन मुळातही मागे ओढण्याचाच अर्थ आहे, म्हणजे अगदी चपखल बसतो. आणि विथड्रॉवलला ‘मागे घेणे’ राहू द्या. जड वाटेल सुरुवातीला, पण सावरकरांचे महापौर, दिनांक हेही एकदा नवेच होते, आज महानगरपालिकेच्या दारात उभा असलेला माणूस सहज ‘महापौर’ म्हणतो. वापरायचंच नाही असं ठरवलं तर कुठलाच शब्द रुळणार नाही.

प्रयोगवही
मी रसायनशास्त्रात आहे, आमच्याकडे कुणी प्रत्याहरण म्हणणार नाही, आधी सगळ्यांना योगातला प्रत्याहार, इंद्रियं आवरण्याचा, आठवेल. आम्ही सरळ ‘पेपर रिट्रॅक्ट झाला’ म्हणतो. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट लक्षात घ्या, पेपर असा रिट्रॅक्ट झाला की पीडीएफच्या पानापानावर लाल अक्षरात तिरका शिक्का येतो. तिथे मराठीत काय छापणार? ‘रद्द’ बसतं. दोन अक्षरं, लांबून दिसतं, शाळेतल्या पोरालाही कळतं.

अवग्रह
रद्द अरबी आहे, रद्दी त्यातलीच. संशोधकाच्या कामाला रद्दीच्या घरातला शब्द लावायचा? आणि अर्थानेही चूक आहे. कोपच्या, म्हणजे कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्सच्या, मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे की रिट्रॅक्शन लेखकाला शिक्षा करायला नसतं, छापलेल्या ज्ञानातली चूक दुरुस्त करायला असतं. प्रामाणिक चुकीमुळेही होऊ शकतं.

प्रयोगवही
अरबी म्हणून काढायचं ठरवलं तर वकील, मालक, हिशेब सगळेच काढा की. शब्द कुठून आला यापेक्षा तो आज काय काम करतो ते बघावं असं मला मनापासून वाटतं. पण अर्थाचा मुद्दा मान्य. गाडी रद्द झाली म्हणजे ती धावतच नाही, पेपर मात्र तिथेच राहतो, वाचता येतो, फक्त त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही.

बांधावरून
तिथेच राहतो आणि भरवसा ठेवायचा नाही, यासाठी मराठीत शब्द आहे की! माझे वडील तलाठी होते. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर खातेदार वारला किंवा बोजा फिटला की जुनी नोंद खोडून काळी करत नसत, तिला कंस करायचे आणि शेजारी फेरफाराचा, म्हणजे बदलाच्या नोंदीचा, नंबर. नाव पूर्ण वाचता यायचं, पण अंमल संपलेला. आणि का संपला हे बघायचं तर त्या नंबराचा फेरफार काढायचा, त्यात कुणी अर्ज दिला, कुणी मंजूर केला, तारीख, सगळं. वडील घरी दप्तर घेऊन बसायचे तेव्हा मी बघितलंय, जाड पेनाने एक कंस इकडे, एक तिकडे, मग फुंकर मारून शाई वाळवायची. लोक म्हणायचे ‘त्याच्या नावाला कंस झाला’. २०२०च्या नव्या नमुन्यात कंसाऐवजी आडवी रेघ आली, पण गावात अजून कंसच म्हणतात. तुमचं रिट्रॅक्शन मला हुबेहूब हेच वाटतंय.

दुपारची_पाळी
बांधावरून, हे वाचून अंगावर काटा आला. कोपचंही तेच म्हणणं आहे, मूळ लेख काढून टाकायचा नाही, ठळक खूण करायची, सूचना जोडायची, आणि सूचनेत कारण आणि कोण मागे घेतंय ते लिहायचं. म्हणजे फेरफारच! पण नियमावलीत ‘लेखाला कंस केला जाईल’ लिहिलं तर पुण्यामुंबईतल्या लेखकाला कळेल का ही धास्ती वाटते.

चिंचबन
ताई, मूळ प्रश्नाला सोडून विचारते, नियमावलीत प्लॅजरिझमला वाङ्मयचौर्य लिहिलंय का? माझा त्या शब्दावर राग आहे. माझ्या एमफिलच्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण एका नियतकालिकात दुसऱ्याच्या नावाने आलं. सुटा लेख, आणि पहिलंच वाक्य ‘मागच्या प्रकरणात पाहिल्याप्रमाणे’. तेवढंही बदललं नव्हतं. ती ओळ मी लायब्ररीत उभ्याने वाचली, हात थरथरत होते. संपादकांना लिहिलं तर उत्तर आलं की हे वाङ्मयचौर्य ठरत नाही, कारण तुमचा प्रबंध प्रकाशित वाङ्मय नाही. शब्दाच्या आडून सुटले. ‘उचलेगिरी’ लिहा, तिला पळवाट नाही.

अवग्रह
वाईट वाटलं वाचून, चुकीचंच झालं ते. प्रकाशित असो नसो, दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं. पण उचलेगिरी म्हणजे बाजारातलं पाकीट. राजशेखराने काव्यमीमांसेत याला ‘हरण’ म्हटलंय, शब्दहरण, अर्थहरण, आणि त्याचे प्रकार पाडलेत. आणि गंमत नाही, खरंच विलक्षण आहे, लॅटिनमध्ये प्लॅजिअरिअस म्हणजे माणसं पळवणारा, मार्शल नावाच्या रोमन कवीने तो शब्द आपल्या कविता पळवणाऱ्याला लावला. तिकडे अपहरण, इकडे हरण. तुमचं प्रकरण चोरलं नाही, पळवून नेऊन दुसऱ्याच्या घरात ठेवलं.

प्रयोगवही
चोरी म्हणा, हरण म्हणा, आज पोरं म्हणतात ‘माझं प्लॅजरिझम नऊ टक्के आहे, बसतंय’. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही, त्यावरून हे आलं. पण नियमात शब्द साम्याचा आहे, चोरीचा नाही! अवतरणं, संदर्भसूची, सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य, हे मोजायचंच नसतं. सॉफ्टवेअर साम्य दाखवतं, चोरी माणसाने ठरवायची. विद्यार्थ्यांशी बोलताना मी आता हट्टाने ‘साम्य’च म्हणतो.

चिंचबन
आणि मराठी प्रबंध श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असला तर साम्यही दिसत नाही, सॉफ्टवेअरला ती अक्षरं मराठी म्हणून कळतच नाहीत. शून्य टक्के येतं आणि त्याचं सर्टिफिकेट लागतं. मी बघितलंय.

दुपारची_पाळी
हे सगळं नियमावलीत घेतेय, चिंचबन तुमचा मुद्दा तर पहिल्या पानावर, ‘अप्रकाशित प्रबंधासह’ असे शब्द घालून. पण रिट्रॅक्शन राहिलंच. सध्या ‘संपादकांनी लेख बाद केला’ आणि ‘लेखकांनी लेख मागे घेतला’ असं कर्त्यासकट लिहून ठेवलंय, म्हणजे शब्द नाही मिळाला तरी कर्ता लपत नाही. शिक्क्याची जागा रिकामी आहे.

अवग्रह
बाद म्हणजे क्रिकेट. प्रत्याहरणच घ्या असं परत सांगतो.

खाडीपल्याड
बांधावरून, एक विचारायचं होतं. आमच्याकडे रत्नागिरीत आजी ‘नाव कमी झालं’ म्हणायची, कंस हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. तुमचे वडील कुठल्या तालुक्यात होते? देशावरचाच शब्द आहे का हा?