बर्कचा डेव्ह रोबिशो वाचताना: तुमचे अनुभव सांगा

अमेरिकन लेखक जेम्स ली बर्कची, लुइझियानातल्या डेव्ह रोबिशो या पोलीस डिटेक्टिव्हवरची कादंबरी-मालिका कोणी कोणी वाचली आहे? पहिली कादंबरी १९८७ची, आता वीसच्या वर झाल्या. मी मधूनच शिरले, न्यू ऑर्लिन्स बुडवणाऱ्या कतरिना वादळावरच्या ‘द टिन रूफ ब्लोडाउन’पासून. खून कोणी केला ते आज नीट आठवत नाही. चर्चच्या माळ्यावर अडकलेल्यांसाठी कुऱ्हाडीने छप्पर फोडू पाहणारा पाद्री मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. कतरिना २९ ऑगस्ट २००५ची. त्याच्या महिनाभर आधी, २६ जुलैला, मी कुर्ल्यात छातीभर पाण्यात उभी होते. त्या पाण्याचा वास मला पानापानातून येत होता. तुम्हाला काय भिडलं? सविस्तर लिहा.

*

मी कोल्हापूरकडची. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं लुइझियानात, लाफायेटला होतो. डेव्हचं गाव न्यू आयबेरिया तिथून अर्ध्या तासावर. ऑक्टोबरात गेलो. बायू टेश या संथ ओढ्याचं चहासारखं गढूळ पाणी, ओकवरून लोंबणाऱ्या मॉसच्या राखाडी जटा, सगळं पुस्तकातलंच. पण गाडीची काच खाली केली आणि पाचट जळल्याचा, मळीचा वास आला. थेट आमच्या गळीत हंगामाचा! मला रडूच फुटलं. गावात पांढऱ्या खांबांचा, १८३४ साली पुरा झालेला ऊसमळेवाल्याचा वाडा आहे, गुलामांच्या कष्टावर उभा राहिलेला. वाडा देखणा आहे, पण बर्क वाचून गेलं की नुसता देखणा दिसत नाही. त्याच्या एका कादंबरीत दलदलीतून काळ्या माणसाचा सांगाडा वर येतो. तो खून डेव्हने तरुणपणी पाहिलेला असतो.

*

मला मारामारी झेपली नाही. डेव्हचा दोस्त क्लीट पर्सेल आला की कुणाची तरी हाडं मोडणार. दोन पुस्तकांवर थांबलो. पावसाची वर्णनं मात्र अजून काढून वाचतो.

*

शक्य असेल तर ऑडिओबुक ऐका. अभिनेता विल पॅटनने वाचलंय, काय आवाज लावलाय!

*

डेव्ह दारू सोडलेला माणूस, एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या) मीटिंगला जाणारा. माझ्या बाबांनी सोडून अकरा वर्षं झाली. फक्त आजचा दिवस प्यायची नाही, हे आमच्या घरात रोज सकाळी म्हटलं जातं. डेव्ह बारमध्ये डॉक्टर पेपर हे कोल्ड्रिंक मागतो, त्यात चेरी आणि लिंबाची चकती. तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं. लग्नाकार्यात बाबा लिंबूसोड्याचा ग्लास असाच दोन्ही हातांनी धरून बसतात, संपला तरी सोडत नाहीत.