प्रतिसाद: चावा खाजतोय की दुखतोय?

मुलीच्या पोटरीवर चार दिवसांपूर्वी काहीतरी चावलं, खाजवून पाणी सुटलंय आणि आजी हळद-चुना लावायला सांगतेय, असं वर लिहिलंय. चुना कृपया लावू नका, सोललेली कातडी त्याने भाजते.

नुसत्या अ‍ॅलर्जीची सूज पहिल्या एक-दोन दिवसांत वाढते, खाज जास्त असते आणि मग ती ओसरते. जंतुसंसर्ग बहुतेक वेळा नंतर डोकं वर काढतो: खाजेऐवजी ठणका, हाताला गरम लागणं, पू, मधासारखी पिवळी खपली. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवा. लाली रेघ ओलांडून गेली, ताप आला किंवा जांघेत अवधाण (दुखरी गाठ) आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोवर साबण-पाणी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ आणि कापलेली नखं. कॅलामाइन फक्त न फुटलेल्या कातडीवर. मेडिकलवाला देतो ती 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब मात्र नको. तिच्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड असतं, त्याने लाली दबते आणि संसर्ग आत पसरत राहतो.

आणखी एक, कारण पावसाळा आहे. काखेत, जांघेत, पोटावर सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली, ती खाजतही नाही, दुखतही नाही आणि सोबत ताप असेल, तर स्क्रब टायफस हा तापाचा आजार असू शकतो. गवतातल्या चिगर नावाच्या बारीक अळ्या चावल्याने तो होतो. २०१८ साली विदर्भात त्याची साथ होती. डॉक्सिसायक्लीन हे अँटिबायोटिक वेळेत मिळालं तर माणूस लवकर बरा होतो, म्हणून ती खपली डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.