अनुभव धागा: शेगडीची ज्योत पिवळी का होते?

घरगुती गॅसपुरतंच लिहा. ज्योत कशी दिसते, कारण काय, हात नेमका कुठे लावायचा.

शेगडी दुरुस्ती, महाल
आधी पिवळी कोणती ते ठरवा. टोकं सतत पिवळी आणि गंजाच्या (पातेल्याच्या) बुडाला काजळी, म्हणजे हवा कमी. मधूनच केशरी ठिणग्या, पण काजळी नाही, म्हणजे धूळ किंवा मीठ. वरण उतू गेलं की हेच दिसतं.

हवा कमी असेल तर रेग्युलेटर बंद करा, बर्नर गार होऊ द्या. कोमट साबणाच्या पाण्यात घासा, भोकं तारेनं मोकळी करा, पूर्ण वाळवा. मिक्सिंग ट्यूबमध्ये (बर्नरखालची नळी, जिथे गॅस आणि हवा मिसळतात) ब्रश फिरवा. कोळ्याचं जाळं तिथेच अडकतं. बहुतेक वेळा काम इथेच संपतं.

जेटमध्ये (गॅस सोडणारं बारीक भोकाचं पितळी तोंड) मात्र सुई घालू नका. पितळ मऊ असतं. भोक मोठं झालं की गॅस वाढतो, हवा तेवढीच राहते, मग कितीही घासा. जेट बदलाच.

शेवटी हवेची चकती (ट्यूबमध्ये शिरणारी हवा कमी-जास्त करते; सगळ्या शेगड्यांना नसते): स्क्रू ढिला करून थोडी थोडी उघडा. पिवळं टोक गेलं, आतला निळा शंकू नीट दिसला की थांबा. जास्त उघडली तर ज्योत बर्नर सोडून वर उचलते, सूंसूं वाजते.

कूलरवाल्या घरांसाठी
मे महिन्यात कूलरचा झोत स्वयंपाकघरात येतो. बोअरच्या जड पाण्याचे बारीक थेंब त्यातून उडाले की क्षारांमुळे ज्योत केशरी होते. पाच मिनिटं कूलर बंद ठेवा. निळी झाली? बर्नरला हात लावू नका.

गीझर
इथे थट्टा नाही. बंद न्हाणीघरात ऑक्सिजन घटला की ज्योत पिवळी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. शिवाय तो पिवळ्या ज्योतीची वाट पाहतोच असं नाही, म्हणून निळीवर विसंबू नका. गीझर गॅलरीत, उघड्या हवेत लावा. पिवळी दिसली तर बंद करून मेकॅनिकलाच बोलवा. डोकं दुखलं, गरगरलं तर आधी बाहेर पडा.

जेटबद्दल आणखी
सिलिंडरच्या रेग्युलेटरचा दाब साधारण 30 मिलिबार, पाइपच्या गॅसचा 21 च्या आसपास. पाइपच्या गॅसचं जेट मोठ्या भोकाचं असतं. ते सिलिंडरवर लावलं तर लांब पिवळी ज्योत आणि काळे गंज. सेकंडहँड शेगडी घेताना आधी जेट बघा, मग काच.