अनुदानित शाळेतला परिपाठ: आरती, पसायदान आणि पालकांची संमती

खडू_डस्टर
शाळा मराठी माध्यमाची, खाजगी संस्थेची, पाचवी ते दहावी, पूर्ण अनुदानित. परिपाठ असा: राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, शेवटी पसायदान. शुक्रवारी सरस्वतीची आरती, आणि गणपती बसला की दहा दिवस रोजची आरती. काही पालकांनी आरतीला लेखी हरकत घेतली आहे. संस्थाचालक म्हणतात, "पन्नास वर्षांची परंपरा आहे, बदलणार नाही." शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय येतोय. आरती बंदच करावी लागते का? पसायदानाचं काय? आणि हात न जोडणाऱ्या मुलावर किंवा शिक्षकावर कारवाई करता येते का? राजकारण नको, कायद्याचं आणि रोजच्या व्यवहाराचं सांगा.

कलमवाले
सगळ्यात आधी शाळा कुठल्या खान्यात बसते ते नक्की करा, कारण संविधानाचं कलम २८ सगळ्या शाळांना एकच नियम लावत नाही.

२८(१): पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. जिल्हा परिषद, महापालिका, केंद्रीय विद्यालय यांच्यासाठी हे पोटकलम. इथे पालकांची संमती घेऊनही धर्मशिक्षणाचा तास ठेवता येत नाही.

२८(२): धर्मशिक्षण द्यावं अशी अट असलेल्या दाननिधीतून किंवा न्यासातून संस्था उभी राहिली आणि आता तिचा कारभार सरकार पाहतं, तर तिला २८(१) लागू नाही. अशा शाळा मोजक्याच, त्यामुळे तुम्ही हे सोडून द्या.

२८(३): तुमचं पोटकलम हे. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. त्यानं स्वतः, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकानं, संमती दिली असेल तरच. लोक "अनुदानित" एवढंच वाचतात. पण "सरकारमान्य" हा शब्दही तिथे आहे, म्हणजे विनाअनुदानित इंग्रजी शाळाही यात आली. उपासना संस्थेच्या आवारातल्या मंदिरात किंवा चॅपेलमध्ये होत असली तरी नियम हाच.

तेव्हा आरती बंद करा असं २८(३) म्हणत नाही. सक्ती बंद करा म्हणतं.

शाळेचा प्रकार तोंडी विचारू नका, यूडायस (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) मध्ये व्यवस्थापनाचा रकाना बघा. यूडायस क्रमांक ११ अंकी असतो आणि महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. एकाच इमारतीत प्राथमिक विनाअनुदानित आणि माध्यमिक अनुदानित असं पुष्कळदा असतं, तेव्हा दोन्ही नोंदी तपासा.

परिपाठ_प्रमुख
कलमवाल्यांनी पाया सांगितला. शाळा चुकतात ती संमती घेण्याच्या पद्धतीत. बहुतेक ठिकाणी सूचनाफलकावर "हरकत असल्यास पालकांनी कळवावे" असं लावतात. हे कलमाच्या नेमकं उलटं आहे. कलम आधी होकार मागतं, गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. दुसरी पळवाट म्हणजे प्रवेश अर्जाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात "शाळेचे सर्व उपक्रम मान्य" अशी ओळ. संमती कुठल्या नमुन्यात घ्यावी हे कलमात नाही, पण कशाला संमती दिली हेच ज्यात लिहिलेलं नाही, तो कागद वादाच्या वेळी लंगडाच ठरतो.

करायचं असं. जूनमध्ये वेगळा एका पानाचा कागद द्या. त्यावर उपक्रमाचं नाव (शुक्रवारची आरती, गणेशोत्सवातली आरती), वार आणि वेळ, "संमती आहे / नाही" असे दोन चौकोन, सही आणि तारीख. "संमती कधीही लेखी मागे घेता येईल" ही ओळ घाला. कारण विचारायचा रकाना ठेवू नका. कारण विचारलं की तिथेच दबाव सुरू होतो.

मग क्रम बदला. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, बातम्या, दिनविशेष हे सगळ्यांचं आधी उरका. तिथे परिपाठ संपला असं जाहीर करा, हजेरी तिथेच घ्या. आरती त्यानंतर. ज्यांची संमती नाही ती मुलं वाचनालयात, सोबत एक शिक्षक. आरती मध्ये घुसवली की या मुलांना व्हरांड्यात उभं करावं लागतं, सगळी शाळा बघते आणि आठवड्याभरात त्यांना नावं पडतात. हजेरी आरतीनंतर घेतली तर न येणारं मूल गैरहजर लागतं, आणि ती सक्तीच झाली. वर्गणी आणि प्रसादाचे पैसेही फीच्या पावतीत मिसळू नका.

ओवी
बाकी पटलं, पण पसायदान आणि आरती एका तागडीत घालू नका. पसायदानात एका पंथाचं नाव नाही, खळांची व्यंकटी सांडावी एवढंच मागणं आहे. ते बंद करा म्हणणं मला तरी अतिरेक वाटतो.

कलमवाले
@ओवी, भावना मान्य, पण "हे धार्मिक नाहीच" या युक्तिवादावर शाळेनं विसंबू नये. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत प्रार्थनेविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठानं जानेवारी २०१९ मध्ये घटनापीठासमोर जावी म्हणून पुढे पाठवली. म्हणजे उपनिषदातली "असत्याकडून सत्याकडे" ही ओळसुद्धा वादाबाहेर नाही. उलट बाजूही आहे: अरुणा रॉय खटल्यात (२००२) याच न्यायालयानं धर्मांविषयी माहिती शिकवणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे असं म्हटलं. म्हणून मराठीच्या तासाला पसायदान खुशाल शिकवा, परीक्षेत अर्थ विचारा. परिपाठात म्हणायचं तर म्हणा, फक्त कुणी गप्प उभं राहिलं तर राहू द्या. एवढ्यानं वाद मिटतो.

कारवाईबद्दल. शिक्षक: नाशिक जिल्ह्यातल्या एका शिक्षकानं प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली होती. मुंबई उच्च न्यायालयानं २०१३ साली निकाल त्याच्या बाजूनं दिला. विद्यार्थी: बिजो इमॅन्युएल खटला (१९८६) वाचा. केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढलं ते सर्वोच्च न्यायालयानं बेकायदा ठरवलं. राष्ट्रगीताबाबत हे असेल तर आरतीचं काय वेगळं असणार? शिवाय शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला मनाई करतं. "उभा राहा बाहेर" यातच येतं.

मडगावकर
चर्चच्या शाळांना कलम ३० चं संरक्षण आहे ना? मग तिथे २८(३) लागतं का?

कलमवाले
लागतं. कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. २८(३) मध्ये अल्पसंख्याक संस्थांना अपवाद नाही. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण आणि त्याच तासाला बाकीच्यांना मूल्यशिक्षण ही जुनी विभागणी याच चौकटीत बसते. अडतं ते मासच्या (चर्चमधल्या सामूहिक उपासनेच्या) दिवशी सगळ्या वर्गांना रांगेनं नेतात तेव्हा. मात्र वर सांगितलेलं शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ अल्पसंख्याक शाळांविरुद्ध वापरता येणार नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या प्रमती निकालानं (२०१४) त्या शाळा त्या कायद्याबाहेर ठेवल्या. तिथे थेट संविधानाचा आधार घ्यावा लागतो.

परिपाठ_प्रमुख
@खडू_डस्टर, बैठकीत ठराव नुसता "परंपरा चालू ठेवणे" असा लिहू देऊ नका. पालकांची हरकत आणि संमतीपत्राचा नमुना दोन्ही इतिवृत्तात येऊ द्या. समितीत पाऊण सदस्य पालक असतात, तेव्हा मतांची भीती नको. तिथे अडलं तर पालकांनी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज करून पोच घ्यावी, मग शिक्षणाधिकारी (माध्यमिक), मग विभागीय शिक्षण उपसंचालक. पोच नसेल तर वरच्या पायरीवर पहिला प्रश्न तोच येतो. अर्जात "शाळा धर्मप्रसार करते" वगैरे आरोप नकोत. "माझ्या पाल्यासाठी कलम २८(३) अन्वये संमती नाही" हे एक वाक्य पुरतं.