मदत हवी आहे: दह्यातल्या जिवाणूचं लॅक्टोज फोडणारं एन्झाइम ओळखायचं कसं?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या (सूक्ष्मजीवशास्त्र) प्रबंधात एका ठिकाणी अडकले आहे. घरगुती दह्यातून वेगळा केलेला लॅक्टिकेझीबॅसिलस पॅराकेझीचा एक स्ट्रेन माझ्याकडे आहे, त्याचा जिनोमही हातात आला आहे. हा दुधात टाकला की दूध आंबतं आणि जमतं, म्हणजे लॅक्टोज तो वापरतोच. पण एक्स-गॅलच्या (साध्या बीटा-गॅलॅक्टोसायडेझाने फुटलं की निळं होणाऱ्या रसायनाच्या) प्लेटवर वसाहती पांढऱ्याच राहतात, आणि टोल्युइन लावून सच्छिद्र केलेल्या पेशींना ओएनपीजी (फुटलं की पिवळं होणारं, लॅक्टोजसारखं रसायन) दिलं तरी पिवळा रंग चढत नाही. जिनोममध्ये जीएच2 या साखर फोडणाऱ्या एन्झाइमांच्या कुटुंबातलं काही, म्हणजे ई. कोलायच्या लॅकझेडसारखं (साधं बीटा-गॅलॅक्टोसायडेझ) किंवा लॅकएल-लॅकएम जोडीसारखं, सापडत नाही.

सापडतात ती जीएच1 कुटुंबातली दोन प्रथिनं. पहिलं 474 अमिनो आम्लांचं आहे, दुसरं त्याहून थोडं मोठं. ब्लास्ट केलं (साठ्यातल्या प्रथिनांशी क्रम जुळवून पाहिला) की दोन्हीच्या यादीत वरची सगळी नावं 'ग्लायकोसाइड हायड्रोलेझ फॅमिली 1 प्रोटीन' किंवा '6-फॉस्फो-बीटा-ग्लुकोसायडेझ'. मधूनच '6-फॉस्फो-बीटा-गॅलॅक्टोसायडेझ', आणि कुठे नुसतंच 'बीटा-ग्लुकोसायडेझ'. ई-व्हॅल्यू सगळीकडे शून्य.

वरचं नाव उचलून तक्त्यात टाकून द्यायला मन तयार नाही. त्या नोंदींची नावंसुद्धा संगणकाने आधीच्या नोंदींवरूनच उतरवलेली असतात, मग मी नेमका कशाचा आधार घ्यायचा? शेजारच्या जनुकांवरून ठरवावं म्हटलं, तर दोन्हींच्या बाजूला 'पीटीएस लॅक्टोज/सेलोबायोज' असा वाहक (साखर पेशीत आणतानाच तिच्यावर फॉस्फेट चढवणारा) आहे. नुसत्या क्रमावरून यातलं दुधाचं कोणतं आणि वनस्पतींच्या शर्करेचं (सेलोबायोजसारख्या) कोणतं, हे ठामपणे सांगता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद

प्रश्न अगदी योग्य जागी पडला आहे. ई-व्हॅल्यू शून्य म्हणजे एवढंच, की हे साम्य योगायोगाचं नाही, ही प्रथिनं एका घराण्यातली आहेत. एन्झाइम कोणती साखर धरतं, हे त्यातून कळत नाही. जीएच1 कुटुंबात साधी बीटा-ग्लुकोसायडेझं आहेत, फॉस्फेटवाली (म्हणजे फॉस्फेट चढलेली साखर फोडणारी, नावात '6-फॉस्फो' असलेली) ग्लुकोसायडेझं आहेत आणि फॉस्फेटवाली गॅलॅक्टोसायडेझंही आहेत. सगळ्यांची घडण तीच, आठ पट्ट्यांचं पिंप. काम करणारी दोन ग्लुटामेटंही तीच: एक 'एन-ई-पी' (अमिनो आम्लांच्या एकाक्षरी खुणा) या तुकड्यातलं, दुसरं 'टी-ई-एन-जी'मधलं. ती दोन्ही तुमच्या प्रथिनांत असली, तर एन्झाइम बहुधा जिवंत आहे एवढंच ठरतं.

म्हणून आता असं करा. शोध फक्त स्विस-प्रॉट या माणसांनी तपासलेल्या प्रथिन-नोंदींच्या साठ्यापुरता ठेवा आणि त्यातही प्रयोगाने सिद्ध झालेल्या नोंदी तेवढ्याच घ्या. लॅक्टोकोकस लॅक्टिसचं लॅकजी (6-फॉस्फो-बीटा-गॅलॅक्टोसायडेझ, 468 अमिनो आम्लं) त्यात हवंच, कारण त्याची स्फटिकरचना 1995 पासून उपलब्ध आहे. सोबत ई. कोलायचं बीजीएलए (6-फॉस्फो-बीटा-ग्लुकोसायडेझ) आणि एखादं साधं बीटा-ग्लुकोसायडेझ घ्या, आणि तुमच्या दोन्ही प्रथिनांसह सगळ्यांची एकत्र मांडणी (अलाइनमेंट) करा. मॅफ्ट किंवा क्लस्टल ओमेगा, कोणतंही सॉफ्टवेअर चालेल. मग शेपटाकडे, म्हणजे प्रथिनाच्या शेवटच्या टोकाकडे बघा.

लॅकजीमध्ये साखरेवरचा फॉस्फेट धरतात ते सेरीन 428, लायसीन 435 आणि टायरोसीन 437. साध्या बीटा-ग्लुकोसायडेझात त्या सेरीनच्या जागी ग्लुटामेट असतं. म्हणजे पहिला निवाडा इथेच होतो: सेरीन असेल तर फॉस्फेटवालं.

दुसरा निवाडा लगेच पुढच्या जागेवर. लॅकजीमध्ये तिथे ट्रिप्टोफॅन 429 आहे, 6-फॉस्फो-बीटा-ग्लुकोसायडेझांत बहुधा मेथिओनिन किंवा अ‍ॅलानिन. मात्र नुसतं ट्रिप्टोफॅन बघून हुरळून जाऊ नका, साध्या बीटा-ग्लुकोसायडेझातही ग्लुटामेटच्या पुढे ट्रिप्टोफॅनच असतं. जोडी बघायची: सेरीन-ट्रिप्टोफॅन की सेरीन-मेथिओनिन. आणि आकडे मोजत बसू नका. तुमचं प्रथिन 474 चं आहे, मांडणीतला रकानाच धरा. या भागात एखादं अमिनो आम्ल मध्येच वाढलेलं असतं, तिथे मांडणी डोळ्यांनी तपासा.

शेजाऱ्यांबद्दल: लॅक्टोज आणि सेलोबायोजचे वाहक एकाच पीटीएस कुळातले, म्हणून ते दुहेरी नाव. लॅक्टोजच्या वाहकात सी आणि बी हे भाग सहसा एकाच प्रथिनात जोडलेले असतात (लॅकई), सेलोबायोजच्या बाबतीत सहसा सुटे. एल. केझीमध्ये (तुमच्या जिवाणूचा जवळचा नातेवाईक) जनुकांचा क्रम लॅकटी, लॅकई, लॅकजी, लॅकएफ असा आहे. तुमच्याकडे तसाच दिसला तर पुरावा बळकट.

पांढऱ्या वसाहतींचं कोडंही यातच सुटतं. फॉस्फो-एन्झाइमला फॉस्फेट नसलेलं ओएनपीजी चालत नाही. टोल्युइन लावलेल्या पेशींना ओएनपीजीबरोबर फॉस्फोइनॉलपायरुवेट (पीटीएसला फॉस्फेट पुरवणारं संयुग) द्या, म्हणजे पीटीएस त्यावर फॉस्फेट चढवेल आणि मग पिवळा रंग यायला हवा. पेशी लॅक्टोजवर वाढवलेल्या घ्या, ग्लुकोज असलं की हा ऑपेरॉन (एकत्र चालू-बंद होणारा जनुकांचा गट) दबलेला असतो. फॉस्फोइनॉलपायरुवेटशिवायची एक नळी तुलनेसाठी शेजारी ठेवाच.

धागाकर्ती

मनापासून आभार! मांडणी करून पाहिली. 474 वाल्यात सेरीन-ट्रिप्टोफॅन, पुढे लायसीन आणि टायरोसीनही जागच्या जागी. शेजारी सी आणि बी जोडलेला वाहक, क्रम तुम्ही सांगितलात तोच. दुसऱ्यात सेरीन-मेथिओनिन, आणि वाहकाचे भाग सुटे. तक्त्यात पहिल्यापुढे '6-फॉस्फो-बीटा-गॅलॅक्टोसायडेझ (क्रमावरून अनुमान)' असं लिहिते आहे, कंसातला मजकूर प्रयोग होईपर्यंत काढणार नाही.

आता अडचण फॉस्फोइनॉलपायरुवेटची. आमच्या विभागात नाही, आणि मागवायचं तर परवानगीतच सत्र संपेल. पुण्यात किंवा आसपास कुणाच्या प्रयोगशाळेत चार-पाच नळ्यांपुरतं मिळू शकेल का? बर्फातून न्यायची सोय मी करेन. कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.